सागवानाचा ताल

सुभाष रोडवर भांड्यांच्या एका दुकानाला लागून अरुंद जिना वर जातो. वर मथुराअक्का हल्याळकरांची टायपिंगची खोली आहे. गेल्या पस्तीस वर्षांत धारवाडात ज्यांनी प्रबंध लिहिला, त्यांतले निम्मे तरी हा जिना चढलेले असणार. मीही चढले. २००४ साली माझा प्रबंध अक्कांनी टाइप केला, आणि तेव्हापासूनची आमची ओळख.

लग्न होऊन मळमड्डीत आल्या तेव्हा अक्का एकोणीस वर्षांच्या होत्या. सासरे एका वकिलाकडे कारकून होते. सून दिवसभर घरात नुसती बसून राहील म्हणून त्यांनीच तिला टायपिंगच्या क्लासला घातलं. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि सासऱ्यांच्या कागदांतली इंग्रजी, अशा तिन्ही भाषांत अक्कांची बोटं चालायला लागली. क्लासचे मास्तर सांगायचे, "टाइपिस्टनं अक्षर बघावं, अर्थ बघू नये. अर्थात शिरलं की वेग पडतो." अक्कांचा वेग कायम थोडा कमीच राहिला.

माझ्या प्रबंधाची गोष्ट सांगते, एका लेखिकेवरचा होता तो. निम्मं काम झालं होतं. मी पुढची पानं द्यायला गेले, तर अक्कांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाल्या, "अश्विनी, पान शंभरला तू लिहिलंयस की ह्या बाईंनी नवरा गेल्यावर लिहायला सुरुवात केली. आणि दीडशेला त्यांचं पहिलं पुस्तक नवऱ्याच्या हातात दिलंयस. वारल्यावर वाचलं काय त्यांनी?"

माझ्या मार्गदर्शकांनी तो प्रबंध दोनदा वाचला होता, मी दहा वेळा. कुणालाच ते दिसलं नव्हतं.

पुढे मी इथल्याच एका कॉलेजात मराठी शिकवायला लागले आणि माझे विद्यार्थी अक्कांकडे जायला लागले. टायपरायटर जाऊन संगणक आला, कार्बनचे कागद गेले, अक्कांचे केस पांढरे झाले. त्यांचे यजमान मधुकरराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि दुपारी चहाचा थर्मास घेऊन त्या खोलीत येऊन बसायला लागले. बाकी सगळं तसंच चाललं होतं.

मग ते सॉफ्टवेअर आलं. २०१८च्या सुमारास प्रत्येक प्रबंध त्यातून काढायचा नियम झाला. हे सॉफ्टवेअर कुठली ओळ कुठून उचलली आहे ते रंगवून दाखवतं आणि वर टक्का देतं. टक्का दहाच्या आत असला की प्रबंध पुढे सरकतो. मुलं ते रंगीत कागद घेऊन अक्कांचा जिना चढायला लागली. "अक्का, चाळीस आलंय. एवढं खाली आणून द्या की."

अक्कांना मुलांची दया येई. कुणी कलघटगीहून बसनं यायचं, कुणी नोकरी सांभाळून लिहायचं. त्या रंगवलेल्या ओळी घेऊन बसायच्या. 'महत्त्वाचा'च्या जागी 'मोलाचा', 'दिसून येते'च्या जागी 'आढळते'. वाक्याचं शेपूट पुढे आणायचं, डोकं मागे न्यायचं. ह्यासाठी त्यांनी एक वहीच केली होती, डावीकडे एक शब्द आणि उजवीकडे त्याचा भाऊ. वाक्याची घडी मोडून नवी इस्त्री करून देतो, एवढंच त्यांना त्यात वाटत होतं. बाजारात अशी इस्त्री करून देणारे आणखी पाचजण होते, पण अक्कांचं काम सफाईदार म्हणून त्यांच्याकडे गर्दी जास्त.

मला हे माहीत होतं. मी स्वतः दोन मुलांना त्यांच्याकडे पाठवलं होतं. पुढचं सांगण्याआधी हे सांगून टाकलेलं बरं.

दीपश्री अळणावरची. तिचे वडील तिथे लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होते. जंगलातून बांबूच्या मोळ्या वाहून आणणाऱ्या बायकांची गाणी हा तिचा विषय. तीन वर्षं ती म्हाताऱ्या बायकांच्या ओसरीवर बसली, एकशे चाळीस गाणी तिनं जमवली, आणि ती कुणाच्या तोंडून कधी ऐकली ते तारीखवार नोंदवलं. ते काम सोन्यासारखं होतं. घोटाळा दुसऱ्या प्रकरणात होता. त्यात लाकूडव्यापाराचा इतिहास आणि श्रमगीतांवर विद्वानांनी काय म्हटलंय ते यायला हवं होतं. ते तिला जड गेलं. तिनं तीन-चार पुस्तकांतली वाक्यं उचलून एकापुढे एक लावली. रिपोर्ट आला छत्तीस टक्के.

अक्कांनी दोन दिवसांत ते नऊवर आणलं. प्रबंध सादर झाला आणि २०२१च्या डिसेंबरात तोंडी परीक्षा लागली. ही परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, म्हणून मीही मागच्या बाकावर जाऊन बसले होते.

परीक्षक कोल्हापूरहून आले होते. शांत गृहस्थ. गाण्यांबद्दल त्यांनी अर्धा तास विचारलं आणि दीपश्रीनं सुरेख उत्तरं दिली. एक गाणं म्हणूनही दाखवलं. मग ते म्हणाले, "आता पान चौसष्ट काढा. तिसरी ओळ वाचा."

दीपश्रीनं वाचलं, "त्या काळात सागवानाचा ताल एकाच व्यापाऱ्याकडे असे."

"म्हणजे काय?"

ती चाचरत म्हणाली, "सर, लाकूड तोडताना कुऱ्हाडीचा जो ताल असतो, तो..."

"तो व्यापाऱ्याकडे असायचा?"

मागे कुणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे वाक्य मी दुसऱ्या एका पुस्तकात वाचलंय. तिथे 'सागवानाचा ठेका' आहे. ठेका म्हणजे कंत्राट. इथे कुणीतरी गाण्याचा ठेका समजून त्याचा ताल केलाय. हे बदललं कुणी?"

दीपश्री खाली बघत म्हणाली, "मीच, सर."

सगळा प्रबंध डोळ्यांदेखत जळत असावा तशी ती तिथे उभी होती. निर्णय असा झाला की गाण्यांचं काम उत्तम आहे, पण दुसरं प्रकरण संपूर्ण नव्यानं लिहावं, त्याला सहा महिने, आणि पुन्हा तोंडी परीक्षा.

दुसऱ्या दिवशी मी सुभाष रोडला गेले. मला बघताच अक्कांनी विचारलं, "काय, पोरगी डॉक्टर झाली की नाही?" मी घडलं ते सांगितलं. त्यांनी संगणकावर ती फाइल उघडली, 'ताल' शब्द शोधायला लावला. अकरा ठिकाणी निघाला. सगळीकडचा 'ठेका' एका फटक्यात बदलायची कळ त्यांनी दाबली होती. नऊ ठिकाणी गाणं होतं. दोन ठिकाणी सागवान.

"तिनं माझं नाव सांगितलं नाही?"

"नाही."

अक्कांनी संगणकाचा पडदा बंद केला. मधुकररावांनी पुढे केलेला चहा त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इरकली साडी नेसून आमच्या विभागात आल्या. दीपश्रीचे मार्गदर्शक प्रभंजन इनामदार त्यांना चांगलं ओळखत. त्यांचाही प्रबंध त्याच खोलीत टाइप झालेला. त्यांनी खुर्ची दिली, पण अक्का बसल्या नाहीत.

"सर, ते वाक्य मी बिघडवलंय. पोरीचा दोष नाही. शिक्षा काय असेल ती मला लिहून द्या, मी सही करते."

प्रभंजन सर म्हणाले, "अक्का, एक विचारू? समजा तुमच्या हातून ती चूक झालीच नसती. ठेका होता तिथे राहिला असता आणि बाकीचे शब्द तुम्ही सफाईनं बदलले असते. परीक्षकांना काही कळलं नसतं. मग ते वाक्य दीपश्रीचं झालं असतं काय?"

अक्का "येते," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

मी मागोमाग गेले. विभागाच्या पायरीवर त्या बसल्या होत्या. येणारी-जाणारी मुलं बाजूनं वाट काढत होती. "तीस वर्षं मिरवत आले," त्या म्हणाल्या, "की मी वाचून टाइप करते. आणि हे सगळं न वाचता केलं बघ. अर्थ वाचला असता तर हात थांबला असता. अर्थाकडे बघितलं की शब्द बदलताच येत नाहीत, सगळं वाक्यच नव्यानं सांगावं लागतं. म्हणून मी बघितलंच नाही."

मग म्हणाल्या, "तेवीस जणांचं केलं मी हे. नावं सांगू?"

मी म्हटलं, नको.

त्या दिवसापासून ते काम बंद झालं. जिन्याच्या तळाशी त्यांनी मराठीत आणि कन्नडमध्ये पाटी लावली, 'टक्के कमी करून मिळणार नाहीत'. मुलं पाटी वाचून पुढच्या दुकानात जायला लागली. केवळ टायपिंगसाठी आता कोण येतो? खोली दुपारची रिकामी पडायला लागली. मधुकरराव म्हणाले, "एवढी मोठी पाटी कशाला? आल्या माणसाला तोंडानं सांगितलं तर चालतंय की." अक्का म्हणाल्या, "माणूस समोर आला की मला 'नाही' म्हणता येत नाही. पाटीला येतं."

दीपश्री अळणावरला जाऊन बसली होती. फोन उचलत नव्हती. तिच्या घरी लग्नाचं बोलणं चालू झाल्याचं कानावर आलं. पंधरा दिवसांनी अक्कांनी तिच्या वडिलांच्या नंबरावर फोन लावला आणि तिला बोलवायला सांगितलं. म्हणाल्या, "हे बघ, तू माझं नाव घेतलं नाहीस, ते मी विसरणार नाही. प्रकरण तू लिहायचं. मी एक ओळ लिहिणार नाही. पण रोज समोर बसेन. सोमवारी ये."

ती आली. पहिल्या दिवशी अक्कांनी तिच्यापुढे त्या ठेक्याबद्दलचं पुस्तक ठेवलं. "दोन पानं वाच." दीपश्री वाचायला लागली आणि सवयीनं पेन हातात घेतलं. अक्कांनी पेन काढून घेतलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "पुस्तक मुच्चु. ईग हेळु." पुस्तक मिट, आता सांग.

"कन्नडमध्ये?"

"कन्नडमध्येच. मराठीत सांगशील तर तेच पुस्तकातले शब्द तोंडात येतील. भाजी बाजारात बाईशी बोलतेस तसं सांग मला."

दीपश्रीनं सुरुवात केली. दोन वाक्यांत अडली. जंगल सरकारचं होतं, हे तिला सांगता आलं. मग व्यापाऱ्याकडे काय होतं? झाडं की झाडं तोडायचा हक्क? मजुरी कोण द्यायचं? पुन्हा पुस्तक उघडलं, पुन्हा मिटलं. तिसऱ्या खेपेला तिनं हात टेकले. "अक्का, मला हे कळलेलंच नव्हतं. म्हणून तर मी उचललं."

"हां," अक्का म्हणाल्या. "मी पण म्हणूनच बदललं."

त्या रात्री तिनं घरी वडिलांना ठेक्याबद्दल विचारलं. गिरणीत आयुष्य काढलेला माणूस. लिलाव कसा व्हायचा, ठेकेदार आपले मुकादम कसे नेमायचा, मुकादम बायकांची मोळी मोजताना हात कसा मारायचा, सगळं त्यांनी तासभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दीपश्रीला पुस्तकातली दोन पानं लख्ख समजली. तिनं अक्कांना सांगितली, न अडखळता. मग पुस्तक न उघडता मराठीत लिहिली. मग पुस्तक उघडून ताडून बघितलं, काही चुकलं तर नाही ना, आणि नकळत एखादं वाक्य जसंच्या तसं उतरलं तर नाही ना. एक उतरलं होतं. ते इतकं नेमकं होतं की तिला ते सोडवेना.

"मग राहू दे की," अक्का म्हणाल्या. "अवतरणचिन्हांत घाल. खाली त्यांचं नाव आणि पान. चांगलं वाक्य मोडून कशाला टाकायचं?"

"आणि बाकीचं? ते तर आता माझ्या शब्दांत आहे."

"शब्द तुझे. माहिती कुणाची?"

"त्यांची."

"मग तिथेही नाव घाल."

अशी महिनाभर रोज दोन-तीन पानं व्हायची. पानं थोडी, पण वाचताना कळायचं की हे कुणीतरी समजून बोलतंय. मी अधूनमधून जायची, कोपऱ्यात बसायची. खरं सांगायचं तर वर्गात मी वर्षानुवर्षं 'स्वतःच्या शब्दांत लिहा' असं फळ्यावर लिहीत आले होते. ते करायचं कसं, हे मी कुणाला कधी दाखवलं नव्हतं.

मग एक दिवस प्रकरणाच्या शेवटच्या भागाशी गाडी आली. तिथे दोन परिच्छेद होते, ओझं वाहणाऱ्या बायका चालता चालता कशा गात, त्याचं वर्णन. रिपोर्टमध्ये त्यांच्यावर एकही रंगीत रेघ नव्हती. दीपश्री म्हणाली, "हे राहू दे अक्का, हे माझं आहे."

अक्कांनी एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. "हे बडिगेर मास्तरांचं आहे."

दीपश्रीचा चेहरा उतरला. अळणावरच्या शाळेत पूर्वी शिकवणारे यल्लप्पा बडिगेर यांचं लाकडाच्या डेपोंवर एक छोटं कन्नड पुस्तक होतं. १९९७ साली त्याचं हस्तलिखित ह्याच खोलीत टाइप झालं होतं.

"पण अक्का, पुस्तक कन्नडमध्ये आहे. मराठी तर मी केलं. एकूण एक शब्द माझा आहे. मशीननंसुद्धा पकडलं नाही."

"मशीनला कन्नडची मराठी झालेली कळली नाही. मला कळली." अक्कांचा आवाज चढला नव्हता. "त्या माणसानं ते लिहायला आठ वर्षं घेतली, दीपा. रविवारी सायकल घेऊन डेपोंवर हिंडायचे. हस्तलिखित द्यायला आले तेव्हा पिशवी छातीशी धरली होती. भाषा बदलली म्हणून ती आठ वर्षं तुझी होतात काय?"

दीपश्री रडायला लागली. अक्कांनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "आहेत ते अजून?"

"आहेत. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. स्टेशनामागे राहतात."

"तुझ्या गावात राहतात आणि तू त्यांना भेटली नाहीस?"

"भेटले असते तर सांगावं लागलं असतं, की त्यांचं घेतलंय म्हणून."

त्या शनिवारी आम्ही तिघी पॅसेंजरनं अळणावरला गेलो. बडिगेर मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. कानानं कमी ऐकू यायचं, बाकी तब्येत ठणठणीत. अक्कांना त्यांनी ओळखलं. "टायपिंगची अक्का! माझ्या पुस्तकात तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं होतं तुम्ही," ते कन्नडमध्ये म्हणाले.

अक्कांनी दीपश्रीला पुढे केलं. तिनं सगळं मोठ्यानं, जवळजवळ ओरडून सांगितलं, कारण त्यांना ऐकू जायला हवं होतं. काय घेतलं, कसं घेतलं, नाव का दिलं नाही. शेजारच्या अंगणातली बाई काम थांबवून ऐकत होती. दीपश्री थांबली नाही.

मास्तर रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "वाच बघू. काय घेतलंस ते वाच."

तिनं ते दोन परिच्छेद कन्नडमध्ये करून सांगितले. ऐकता ऐकता म्हाताऱ्यानं मान हलवायला सुरुवात केली. "तप्पु," ते म्हणाले. चूक. "तुझं नाही. माझं चुकलंय. ओझं घेऊन चालताना त्या बायका गात नव्हत्या. डोक्यावर मणाची मोळी असताना गायला दम कुठून येणार? त्या परत जाताना गायच्या, रिकाम्या डोक्यानं. मी मोळ्या येताना बघितल्या, गाणी ऐकली लांबून, आणि दोन्ही एकत्र करून टाकलं. पुस्तक छापून आल्यावर एका बाईनंच मला हसून सांगितलं. म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू. दुसरी आवृत्ती निघालीच नाही. पंचवीस वर्षं वाट बघतोय, कुणी विचारायला येईल म्हणून."

दीपश्री एकदम खाली बसली, मातीतच. पिशवीतून तिनं आपली गाण्यांची वही काढली आणि भराभरा पानं उलटली. "चुंबळ माझी हातात गं, वाट घराची सोपी गं." डोक्यावर मोळीखाली ठेवायची कापडाची चुंबळ. ती एकशे चाळीसपैकी सतरा गाण्यांत होती, आणि प्रत्येक वेळी हातात होती, डोक्यावर कधीच नव्हती. तिनं ते नोंदवलं होतं, पण त्याचा अर्थ तिला लागला नव्हता. पुस्तकात लिहिलंय ओझं वाहताना गायच्या, मग चुंबळ हातात कशी, हा प्रश्नच तिनं बाजूला ठेवला होता.

मास्तरांनी वही हातात घेतली. मराठी त्यांना वाचता यायचं. बराच वेळ ते सतरा गाणी शोधून शोधून वाचत राहिले. आमची संध्याकाळची गाडी चुकायची वेळ आली तरी वही सोडेनात.

दुसरी तोंडी परीक्षा २०२२च्या ऑगस्टमध्ये झाली. तेच परीक्षक आले. ह्या वेळी अक्काही आल्या होत्या, माझ्याशेजारी बसल्या. परीक्षकांनी दुसऱ्या प्रकरणातलं कुठलंही पान काढायचं आणि विचारायचं, आणि दीपश्रीनं प्रबंधाकडे न बघता सांगायचं, असं तासभर चाललं. चुंबळीच्या पानावर ते थांबले. तळटीप मोठ्यानं वाचली: 'ही दुरुस्ती श्री. यल्लप्पा बडिगेर यांनी स्वतः प्रत्यक्ष भेटीत सांगितली. त्यांच्या पुस्तकातील मूळ विधान व त्यातील फरक पुढे दिला आहे.'

"हे नवीन आहे," ते म्हणाले. "आधीच्या प्रबंधात हे नव्हतं."

"आधी मी त्यांना विचारलं नव्हतं, सर."

पदवी जाहीर झाली तेव्हा अक्कांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पदरानं चष्मा पुसत बसल्या. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात दीपश्रीनं त्यांच्याबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. टाइप करताना अक्कांनी ते चार ओळींवर आणलं होतं आणि तिला न सांगता तसंच छापायला दिलं. एवढी एक अफरातफर त्यांनी केली.

दीपश्री आता हल्याळला एका कॉलेजात शिकवते. त्या तेवीस जणांचं काय? अक्कांनी त्यांतल्या नऊजणांना फोन केले. काय म्हणाल्या ते मला ठाऊक नाही. दोघांनी पुन्हा फोन उचलला नाही. एक, प्रसाद म्हणून, हुबळीत शिक्षक आहे. तो आपला छापलेला प्रबंध घेऊन आला आणि सहा महिने येत राहिला. पदवी तर मिळून गेली होती. अक्कांनी शब्द बदलून दिलेलं प्रकरण त्यानं स्वतःसाठी पुन्हा लिहिलं, कुठेही द्यायचं नसताना. हे सगळं करून त्याला काय मिळालं असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, आता वर्गात त्या विषयावर कुणी प्रश्न विचारला की घंटा व्हायची वाट बघत नाही."

शनिवारी दुपारी, आपलं लिखाण समजून घेऊन पुन्हा लिहायला आलेल्या मुलांनी अक्कांची खोली भरलेली असते. ह्याचे त्या काही घेत नाहीत. कामाच्या दिवशी लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करतात, त्यावर चालतं. आता मुलं टक्के घेऊन येत नाहीत, मोबाइलमधल्या यंत्राकडून आख्खा निबंधच लिहून घेऊन येतात, आणि त्यावर रंगीत रेघही उमटत नाही. मला वाटलं होतं, ह्यापुढे अक्कांचं काही चालणार नाही.

गेल्या महिन्यात हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या कापडदुकानदाराचा मुलगा साकेत आला होता. बी.कॉम.ला आहे. 'पारंपरिक कापडव्यापारापुढील आव्हाने' असा वीस पानांचा गुळगुळीत प्रकल्प त्याच्या हातात होता. अक्कांनी पहिलं पान वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला.

"तुमचं दुकान किती वर्षांचं?"

"आजोबांच्या वडिलांनी टाकलं. सांगलीहून आले होते."

"मग सांग बघू, आव्हान काय आहे?"

साकेतनं तोंड उघडलं, मिटलं. अक्का थांबल्या. त्या छान थांबतात. समोरच्याला लाज वाटणार नाही, आणि पळूनही जाता येणार नाही, असं थांबणं मी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही. मधुकरराव कपात चहा ओतत होते, त्यांनीही हात आवरला.

"आजोबा म्हणतात," साकेत शेवटी म्हणाला, "पूर्वी गिऱ्हाईक बसायचं. आता उभ्या उभ्या भाव विचारतं आणि मोबाइलवर ताडून बघतं. त्यामुळे त्यांनी गाद्या काढल्या आणि काउंटर केलं. काउंटर केल्यावर जुनी गिऱ्हाइकंही बसेनाशी झाली."

"हे ह्या वीस पानांत कुठे आहे?"

"नाही."

"मग आजोबांचं नाव काय? पूर्ण सांग. ते खाली लिहावं लागेल."